छंद म्हणून तिरकमठा : घरी घडवा, जपून चालवा



गेल्या खेपेस या सदरात आपण अंबाडीच्या वाखाचे दावे वळायला शिकलो. दोरी वळता आली की त्या दोरीने ताणून धरायची काठीही सुचते. ती काठी म्हणजे धनुष्य. आपल्या बोलीत तिला कामठा म्हणतात आणि बाणासकट म्हटले की तिरकमठा.

या विषयावर पनवेल तालुक्यातल्या एका आजोबांचे पत्र आले आहे. ते लिहितात, ‘आमची भातशेती सिडकोत गेली. मुलगा खारघरला फ्लॅटमध्ये राहतो. नातू दहा वर्षांचा आहे. त्याला दुकानातले प्लास्टिकचे धनुष्य नको. आमच्या लहानपणी डोंगराकडच्या वाडीतले कातकरी वापरायचे, तसा खरा तिरकमठा पाहिजे म्हणतो. कोयता अजून चालवता येतो. लाकूड कोणते घ्यावे, कामठा कसा घडवावा, आणि पोराच्या हाती द्यावा की नाही, ते कळवा.’

नवी मुंबईच्या बाजूला अशी घरे पुष्कळ आहेत. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर उभे राहिले. खाचरे गेली, पण कोयता धरणारे हात गेलेले नाहीत. ते हात आहेत तोवर त्यातली विद्या नातवंडांकडे जायला हवी. म्हणून आजोबांच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आज सविस्तर देतो. तिसरा प्रश्न सर्वांत मोठा आहे. तेव्हा लेख मधेच सोडून कोयता घेऊन उठू नका, शेवटपर्यंत वाचा.

आधी थोडे मागचे

कामठा हे आपल्याकडे राजेरजवाड्यांपेक्षा रानातल्या माणसाचे हत्यार. सह्याद्रीत कातकरी, ठाकर आणि वारली यांच्याकडे तो असे. सातपुड्यात तर भिल्लांची ओळखच त्याच्यावरून. भिल्ल हे नाव दक्षिणेकडच्या भाषांतल्या धनुष्याच्या शब्दावरून आले, असे बरेच अभ्यासक मानतात. कानडीत धनुष्याला ‘बिल्लु’ म्हणतात आणि तमिळमध्ये ‘विल्’. भिल्लांचा कामठा बांबूचा आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिवट कामटीची असते. एका बेटातून काठीही निघाली आणि दोरीही. बाजाराची पायरी चढायला नको.

परदेशातही गोष्ट वेगळी नाही. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ नावाचे लढाऊ जहाज १५४५ साली समुद्रात बुडाले आणि १९८२ साली वर काढले गेले. त्यात शंभराहून अधिक अखंड धनुष्ये सापडली. सगळी एकाच जातीच्या लाकडाची, पुरुषभर उंचीची, ना नक्षी ना सांधा. चांगले लाकूड आणि ते ओळखणारा हात, एवढ्यावरच जगभर हा धंदा चालला.

कामठा वाकतो म्हणजे काय होते?

लाकूड निवडण्याआधी एवढे समजून घ्या. एखादी ओली फोक हातात घेऊन वाकवून पाहा. बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दबते. कामठ्याचेही तसेच आहे. बाण मारताना जी बाजू समोर निशाणाकडे असते तिला आपण पाठ म्हणू आणि जी आपल्याकडे असते तिला पोट म्हणू. पाठ ताणली जाते, पोट दबते. ताणलेल्या पाठीवर एक जरी धागा कापला गेला तरी तिथून ढलपी उठते आणि कामठा मोडतो.

म्हणून या कामाचा पहिला नियम असा की, पाठीला हत्यार लावायचे नाही. जे काही तासायचे ते पोटाकडून.

लाकूड कोणते?

आपल्या रानातले कामठ्याचे खरे झाड म्हणजे धामण. संस्कृतात तिला धन्वन म्हणतात, म्हणजे नावातच धनुष्य आहे. कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि कावडीच्या दांडीला आपली जुनी माणसे धामणच शोधायची. भार आला की ती लवते आणि भार उतरला की पुन्हा सरळ होते. कावडीच्या दांडीत जो गुण लागतो तोच कामठ्यात लागतो.

पण म्हणून कोयता घेऊन डोंगरावर जाऊ नका. राखीव जंगलातले झाड तोडणे हा गुन्हा आहे. आपल्या मालकीच्या बांधावरचे झाड असले तरी तोडण्याआधी वनखात्याच्या कचेरीत विचारून घ्या. शहराच्या हद्दीत तर १९७५ सालच्या वृक्ष कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते. उरणजवळच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला तो रानातल्या लाकडाच्या हक्कासाठीच. त्या गोळीबारात पडलेल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी हाही होता. तेव्हा लाकडाचा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. पण तो हक्क पोट भरण्यासाठी रानावर अवलंबून असणाऱ्यांचा होता. आपल्या छंदापायी रानातले एक झाड पडावे, हे काही त्यात बसत नाही. घरात मोडक्या कावडीची धामणीची दांडी पडून असेल, तर गोष्ट वेगळी. तिच्यावर अवश्य हात बसवा.

नवशिक्यासाठी सर्वांत सोपा आणि स्वस्त मार्ग म्हणजे बांबू. २०१७ साली केंद्राच्या वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनहद्दीबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. तुमच्या परसातले बेट असेल तर एक बांबू तोडायला अडचण नाही. बांबू पुन्हा फुटतोही.

बांबू निवडताना या गोष्टी पाहा :

१. बांबू तीन-चार वर्षांचा, पक्का असावा. यंदाचा कोवळा कोंब उपयोगाचा नाही. तो वाळताना सुरकुततो.

२. तोड पावसाळा संपल्यावर, कार्तिकापासून पौषापर्यंत करावी. त्या दिवसांत बांबूत पीठ कमी असते, म्हणून भुंगेरा कमी लागतो.

३. मनगटाहून जाड, बुडाकडचा भाग घ्यावा. त्याची भिंत निदान अर्धा इंच जाड असावी. कळक चालेल, मानवेलही चालेल.

४. किडीचा, उभी चीर गेलेला किंवा पेरात वळलेला बांबू सोडून द्यावा.

तोडलेला बांबू उभा फोडून दोन इंच रुंदीच्या पट्ट्या काढा आणि महिना-दोन महिने सावलीत वाळवा. उन्हात ठेवाल तर तडकेल. गावाकडे चूल असेल तर चुलीवरच्या माळ्यावर, धुरात ठेवा. धुराने ओल जाते आणि कीडही दूर राहते. एकाऐवजी तीन-चार पट्ट्या वाळवा. का, ते पुढे सांगतो.

घडवावा कसा?

हत्यारे घरचीच पुरतात. कोयता, रंधा, कानस, फुटक्या काचेचा जाड तुकडा (धरायच्या बाजूला कापड गुंडाळून) आणि पॉलिशपेपर. शहरातल्या फ्लॅटमध्ये कोयता चालवायला जागा नसेल, तर फोडणे आणि तासणे गावी करा. कानस आणि काच यांचे काम गॅलरीतही होते.

माप. दहा वर्षांच्या मुलासाठी चार फूट लांबी पुरे. मोठ्या माणसासाठी स्वतःच्या उंचीएवढा कामठा घ्या. लांब कामठा जिवाला कमी जड आणि मोडायलाही अवघड. मुलासाठी मधोमध रुंदी सव्वा इंच आणि मोठ्यासाठी दीड इंच ठेवा. दोन्ही टोकांकडे ती हळूहळू कमी करत अर्ध्या इंचावर आणा. रुंदी कडांनी कमी करायची असते, त्याला हरकत नाही.

मूठ. बरोबर मधली चार इंच जागा जाड ठेवा. ती वाकता कामा नये. वाकायचे ते दोन्ही बाहू.

पोट. बांबूच्या आतला मऊ भाग काढून टाका. मग मुठीपासून टोकापर्यंत जाडी हळूहळू कमी करत न्या. जिथे गाठ येते तिथे आतल्या बाजूला किंचित जाडी राखा. पाठीवरची हिरवी-पिवळी साल तशीच राहू द्या. गाठीचा उंचवटा पॉलिशपेपरने नुसता गुळगुळीत करा, कानशीने सपाट करू नका.

खाचा. टोकापासून अर्धा-पाऊण इंच सोडून दोन्ही कडांना दोरीसाठी तिरप्या खाचा करा. त्यांच्या कडा गोल करा, नाहीतर दोरी कापली जाते. खाच पाठीवर नेऊ नका.

आता येते ते खरे काम आणि ते एकट्याचे नाही. भिंतीवर खिळ्यांचा आधार करून कामठ्याची मूठ त्यावर बसवा. पाठ वर आणि पोट खाली. सैल दोरी लावा. एकाने ती दोरी मधोमध धरून हळूहळू खाली ओढायची आणि दुसऱ्याने दहा फूट मागे उभे राहून पाहायचे. दोन्ही बाहू सारखे वाकतात का? बीजेच्या कोरीसारखी कमान येते का? का एक बाजू काठीसारखी ताठ राहते आणि दुसरी एकाच जागी कोपरासारखी मोडते?

जिथे ताठ आहे तिथे खडूने खूण करा आणि तिथलेच पोट काचेने खरवडा. जिथे जास्त वाकते आहे तिथे अजिबात हात लावू नका. पाच-दहा वेळा खरवडले की थांबा, दोरी वीस-पंचवीस वेळा हलक्या हाताने ओढून सोडा (एकदम सुटू देऊ नका) आणि पुन्हा पाहा. आज चार इंच ओढा, उद्या सहा, परवा आठ. घाई केलीत तर कामठा बिघडलाच म्हणून समजा. तासलेले परत लावता येत नाही. मीठ जास्त पडले तर आमटीत पाणी घालता येते, तशी सोय इथे नाही.

हे पाहण्याचे काम मुलाला द्या. त्याची नजर तुमच्याहून तेज असते. ‘आजोबा, डावी बाजू ताठ आहे’ हे त्याने सांगावे आणि तुम्ही खरवडावे. चार दिवसांत त्याला लाकूड कळू लागेल, आणि हे शिकणे शाळेच्या पुस्तकातले नाही.

किती जोर ठेवावा? भाजीवाल्याकडे असतो तसा आकड्याचा काटा दोरीला अडकवा आणि ओढून पाहा. दहा वर्षांच्या मुलाने वीस इंच ओढले तर काटा पाच-सहा किलोवर यावा. शिकाऊ मोठ्या माणसाला दहा-बारा किलो भरपूर झाले. आकडा जास्त येत असेल तर दोन्ही बाहू सारखेच आणखी खरवडा. जोराची बढाई इथे कामाची नाही.

शेवटी पॉलिशपेपर मारून जवसाच्या कच्च्या तेलाचे दोन-तीन हात द्या. आपल्या किनारपट्टीला हे फार जरुरीचे आहे. नवी मुंबईच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, बांबू ओल खातो आणि कामठा मऊ पडतो. म्हणून घडवायचे काम दिवाळीनंतर काढा आणि शिमग्याच्या आत पुरे करा. ठेवताना दोरी उतरवून, भिंतीवर आडवा ठेवा. दोरी चढवलेला कामठा ठेवून दिलात तर तो तसाच वाकडा राहील.

दोरी आणि बाण

दोरीसाठी अंबाडी किंवा तागाचा वाख घ्या. गेल्या खेपेस सांगितल्याप्रमाणे दोन पदर उलट पीळ देऊन वळा आणि मेण चोळा. घरातल्या आजीचा हात यात तुमच्यापेक्षा चांगला असेल, तिला बोलवा. एका टोकाला कायमचा फास करा आणि दुसरे टोक गाठीने बांधा, म्हणजे लांबी कमीजास्त करता येते. दोरी चढवल्यावर मुठीपासून ती किती दूर असावी? मुठीवर हात वळून अंगठा उभा करा. अंगठ्याच्या टोकाला दोरी लागली की झाले. ते सहा इंचांच्या आसपास भरते. वापरण्याआधी दोरीला कामठ्याच्या जोराच्या चौपट वजन टांगून पाहा. मुलाच्या कामठ्याला वीस-पंचवीस किलो. तुटायची असेल तर तिथेच तुटू द्या.

दोरीला संस्कृतात मौर्वी म्हणतात. मूर्वा नावाच्या वनस्पतीच्या वाखावरून ते नाव आले.

बाणाला बरूची सरळ, वाळलेली काडी घ्या. वाकडी असेल तर निखाऱ्यावर शेकून हाताने सरळ करा. लांबी अशी मोजा : काडीचे एक टोक छातीच्या मधोमध टेकवून दोन्ही हात पुढे पसरा. काडी बोटांच्या टोकांपुढे दोन-तीन इंच जायला हवी. आखूड बाण कधीच वापरू नका, तो ओढताना मुठीच्या आत येतो आणि हातात शिरतो. मागच्या टोकाला दोरी बसेल अशी खाच पाडा आणि खाचेच्या पुढे दोऱ्याने घट्ट गुंडाळा, म्हणजे काडी फुटणार नाही. कोंबडीची तीन पिसे उभी चिरून, एकाच पंखाची घेऊन, सारख्या अंतरावर बांधा. मुलाच्या बाणाला टोक नको. कापडाचा बोळा करून त्यावर ट्यूबचा तुकडा बांधा.

पोराच्या हाती द्यावा का?

द्यावा, पण आपल्या देखत. १९८७-८८ साली दूरदर्शनवर रामायण मालिका चालू असताना गावोगावी पोरांनी काठ्यांची धनुष्ये केली आणि डोळे दुखावल्याच्या घटनाही घडल्या. खराट्याची काडीसुद्धा डोळा घालवायला पुरते. म्हणून हे नियम घरात आधी ठरवा :

१. मोठे माणूस जवळ नसेल तेव्हा कामठा खुंटीवर. दोरी वेगळी, आजोबांच्या पेटीत.

२. फ्लॅटची गच्ची, गॅलरी, सोसायटीचे अंगण या जागा मुळीच नाहीत. गावी मोकळ्या शेतात, मागे उंच बांध असेल तिथे पेंढ्याचा घट्ट भारा उभा करा आणि आठ-दहा पावलांवरून सुरुवात करा.

३. मारणाऱ्याच्या पुढे कोणी नसावे. बाण आणायला सगळ्यांनी एकदमच जायचे, तोवर कामठे जमिनीवर.

४. आकाशात बाण मारायचा नाही. बाणाशिवाय दोरी ओढून सोडायची नाही, त्याने कामठाही मोडतो.

५. पाखरू, ससा, कुत्रे, कोणावरही नेम धरायचा नाही. १९७२ सालच्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि पनवेलपासून जवळच कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे. पण कायदा नसता तरी पोराच्या हाताला ही सवय लावू नये.

आणि इतके करूनही कोणाच्या डोळ्याला लागलेच, तर डोळा चोळू नका, धुऊ नका, घरगुती औषध घालू नका. काही रुतले असेल तर उपटू नका. डोळ्यावर दाब येणार नाही अशी कागदी पेल्याची झाकण करून तडक दवाखान्यात न्या. ‘उद्या पाहू’ म्हणण्यात डोळा जातो.

पहिला मोडेल, मोडू द्या

तीन-चार पट्ट्या वाळवा असे म्हटले ते यासाठी की, पहिला कामठा बहुधा मोडतो. तो चुलीत घालू नका. कुठे मोडला ते पाहा. पाठीवर ढलपी उठली असेल तर तिथे हत्याराचा ओरखडा लागला होता. मुठीजवळ मोडला असेल तर टोके जाड राहिली आणि सगळा भार मधे आला. गाठीपाशी मोडला असेल तर तिथे आतून फार तासले गेले. मोडका कामठा शेजारी ठेवून दुसरा करायला घ्या. दुसरा टिकतो.

हा छंद कुठे नेतो? कुठे न नेला तरी हाताला धीर येतो, हे थोडे नाही. पण राजस्थानात उदयपूरकडच्या आदिवासी पाड्यातला लिंबाराम बांबूच्या कामठ्यावरच शिकला आणि १९८८, १९९२ व १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये देशासाठी उतरला. आपल्या सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव हा मजूर आईबापांचा मुलगा. तो २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला. त्यांची स्पर्धेची धनुष्ये महाग आणि वेगळी. पण आपल्या देशातल्या स्पर्धांत लाकडी-बांबूच्या धनुष्यासाठी अजूनही वेगळा गट असतो. मुलाची नजर आणि हात दोन्ही बसलेले दिसले, तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत जाऊन चौकशी करा.

येत्या खंडेनवमीला नांगर, कोयता आणि विळा यांच्या शेजारी घरचा कामठाही पूजेला मांडता येईल. त्याला हळदकुंकू लावताना तो कसा केला हे पोराला शब्दांत सांगायला लावा. ज्याला सांगता येते त्याला ते आले असे समजावे.

कामठ्यातून उरलेल्या बांबूच्या कामट्या टाकू नका. पुढच्या खेपेस त्यांचेच इरले कसे विणावे ते पाहू.